चार दिवसांच्या गायी

माणसाची किंमत त्याच्याकडे जनावरं किती आहेत यावरून करायची नसते. हे तत्त्व अमेरिकेतल्या बिटर क्रीक काउंटीत इतकं भिनलेलं आहे, की तिथे कुणी कुणाला गायींचा आकडा विचारत नाही. जुगारात किती हरलास, बायको माहेराहून परत आली का, मूळव्याध कशी आहे, हे सगळं शेतकऱ्यांच्या को-ऑपच्या दुकानात चारचौघांत विचारतात. गायी किती, हे विचारणं म्हणजे मात्र दुसऱ्याच्या खिशात हात घालणं.

त्यामुळे तो आकडा ज्याचा त्याने मोजून घ्यावा लागतो. रस्त्याने जाताना पिकअपचा वेग जरासा कमी करायचा, यंदा गवत कसं आलंय ते बघतोय असा चेहरा करायचा आणि मोजायचं. या पद्धतीने काउंटीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाच्या गायी पाचाच्या फरकाने ठाऊक असतात आणि माणसाची किंमत त्यावरूनच केली जाते. मर्ल ऑस्टगार्डच्या गायी दोनशे होत्या. त्याचा मेहुणा आणि शेजारी ड्वाइट प्रेंटिस याच्या साडेतीनशे. उभ्या आयुष्यात दोघांनी हे आकडे एकमेकांसमोर तोंडातून काढले नव्हते.

दीडशे गायी कमी असल्याचं मर्लला फारसं वाटत नसे, कारण त्याच्याकडे दोर होता. जूनमध्ये ड्वाइटच्या वासरांना तापल्या लोखंडाने मालकीचा डाग द्यायचा दिवस ठरला की आसपासचे सगळे पशुपालक मदतीला जमतात. घोड्यावरून वाडग्यात, म्हणजे गुरं कोंडायच्या आवारात, शिरायचं, फासा टाकून वासराचे मागचे पाय धरायचे आणि त्याला फरफटत जाळापर्यंत आणायचं, हे काम फक्त चौघांना मिळतं. बाकीचे जमिनीवर. कुणी वासराच्या अंगावर बसायचं, कुणी लस टोचायची, कुणी खच्ची करायचं, कुणी लोखंड तापवायचं. यजमान सकाळी चार नावं घेतो आणि ज्याचं नाव घेतलं तो घोड्यावर चढतो. पगार नाही, शाबासकी नाही, पण तिथली माणसं कुणाच्या मर्तिकाला गेली तरी मेलेल्याबद्दल बोलताना हेच सांगतात: कुणाच्या वाडग्यात दोर टाकायचा. मर्लचं नाव ड्वाइटच्या बापाच्या काळापासून पहिलं घेतलं जाई. मर्लची बायको अर्डिस ही ड्वाइटची थोरली बहीण. ती एकदा मर्लला म्हणाली होती, तू लग्न माझ्याशी केलंस की आमच्या वाडग्याशी? मर्लने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला होता.

एप्रिल संपता संपता, जगभर माणसं दारं लावून बसली असताना, बिटर क्रीकमध्ये बर्फाचं वादळ आलं. दारं लावून बसायचा हुकूम तिथे तसा कुणाला जाणवला नव्हता. शेजारी चार मैलांवर असला की अंतर राखायला वेगळे कष्ट पडत नाहीत. वादळ मात्र जाणवलं. ड्वाइटच्या त्या बाजूच्या गायी वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटल्या आणि सामाईक कुंपणावर येऊन थांबल्या. म्हणजे पुढच्या थांबल्या. मागच्यांना ते कळलं नाही, त्या पुढच्यांच्या अंगावर चढल्या, आणि अशा रीतीने तीन थर झाल्यावर कुंपण पडलं.

कुंपणाचा नियम तिथे सोपा आहे. दोघा शेजाऱ्यांनी कुंपणाच्या मध्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताचा अर्धा भाग राखायचा. पडला तो अर्धा ड्वाइटचा होता.

मर्ल आणि अर्डिस ट्रॅक्टर घेऊन पोचले तेव्हा सगळ्यात खालच्या थरातल्या गायी मेलेल्या होत्या आणि त्यांच्यावरच्या मरत होत्या. एकीच्या पोटात काटेरी तार शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती आणि ती तशीच उभी राहून रवंथ करत होती. मर्लने तिला गोळी घातली, मग पाय मोडलेल्या आणखी तिघींना घातली. उरलेल्यांच्या नाकपुड्या बर्फाने बुजल्या होत्या. तो बर्फ त्याने पकडीच्या दांड्याने फोडला. त्यात एकीने मान झटकली आणि त्याचा एक दात बर्फात जाऊन पडला. जिचं वासरू चेंगरलं होतं अशा एका गायीने अर्डिसला गवताच्या गठ्ठ्यांवर दाबून धरलं आणि तिची बरगडी मोडली. अर्डिसने तिच्या तोंडावर फावडं हाणून स्वतःची सुटका करून घेतली आणि म्हणाली, माझ्या भावावर गेलीय.

जगल्या त्या साठ. वादळ चार दिवस चाललं आणि ते चार दिवस ड्वाइटच्या साठ गायींनी मर्लच्या कुरणात मर्लचं गवत खाल्लं. त्या वर्षी गवत सोन्याच्या भावाने मिळत होतं.

पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि ड्वाइट घोड्यावरून आला. त्याने मेलेल्या गायींकडे पाहिलं, जिवंत गायींकडे पाहिलं, मर्लच्या तोंडातल्या फटीकडे पाहिलं.

"वारा होता," तो म्हणाला.

"होता," मर्ल म्हणाला.

ड्वाइट गायी हाकत घेऊन गेला. आभार मानणं म्हणजे समोरच्याने मदत केली नसती असं सुचवणं, म्हणून तिथे कुणी आभार मानत नाही. आणि चाऱ्याचा विषय काढणं म्हणजे मदत विकायला काढणं, म्हणून कुणी तो काढत नाही. मर्लला याचं काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण रीतीप्रमाणे त्याने ते दिसू दिलं नाही. त्यामुळे ते आतच राहिलं आणि मे महिन्यात पिकलं.

मे महिन्यात सरकारने मदत जाहीर केली. महामारीने कत्तलखाने बंद पाडले होते, हॉटेलं बंद होती, गुरांचे भाव पार बसले होते. तेव्हा प्रत्येक पशुपालकाला दर जनावरामागे ठरावीक रक्कम मिळणार होती. मध्य एप्रिल ते मध्य मे यांतला कुठलाही एक दिवस निवडायचा आणि त्या दिवशी आपल्याकडे जनावरं किती होती ते सांगायचं. नुसतं सांगायचं. पुरावा नको, शब्द पुरे. बिटर क्रीकमध्ये सरकारवर कुणाचाच विश्वास नाही. सरकारने आपल्यावर एवढा विश्वास टाकलेला पाहून सगळे चपापले. त्यात सरकारने विचारलेला प्रश्न नेमका तोच होता जो सभ्य माणूस विचारत नाही. आणि काउंटीतली सरकारी कचेरी महामारीमुळे बंद, म्हणून उत्तर फोनवर द्यायचं.

मर्लने दिवस निवडला तो वादळाचा तिसरा.

"त्या ड्वाइटच्या आहेत," अर्डिस म्हणाली. बरगडी अजून दुखत होती, त्यामुळे ती तुटक बोले.

"चारा कुणाचा खात होत्या?"

"उद्या घरी पाहुणे जेवायला आले तर त्यांना काय आपली पोरं म्हणून लावशील?"

"चार दिवस राहिले तर लावीन."

अर्डिसने सांगून टाकलं, की या घरातून तसला फोन होणार नाही. केलास तर वायर उपटून गायींना खायला घालीन. मर्लला तिचं म्हणणं पटलं नाही असं नाही. पण चार दिवसांचं गवत, एक दात आणि एक बरगडी यांचं 'वारा होता' हे उत्तर त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. ड्वाइट देत नसेल तर निदान सरकारने द्यावं. यात ड्वाइटचं जातं काय? मर्लने हा प्रश्न स्वतःला विचारला आणि स्वतःच काही जात नाही असं उत्तर दिलं. महामारीत अशी बरीच सरकारी कामं झाली.

तेव्हा तो मोबाइल घेऊन निघाला. काउंटीत मोबाइल नीट लागतो अशा जागा दोन, दफनभूमी आणि को-ऑपचं आवार. दफनभूमीत त्या सकाळी यंत्राने गवत कापत होते. म्हणून तो को-ऑपच्या आवारात गेला. तिथे सहा-सात जण पिकअपमध्ये गुरांना चाटायचे मिठाचे ठोकळे आणि पेंडीची पोती भरत होते. मर्ल लांब कोपऱ्यात जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, हळू आवाजात बोलायच्या तयारीने उभा राहिला.

पण मर्लचा डावा कान ट्रॅक्टरच्या आवाजाने खाल्लेला आहे आणि फोन तो सवयीने डाव्याच कानाला लावतो. कचेरीतल्या श्रीमती नोव्होटनींनी फोन उचलला, त्याने नाव सांगितलं. मग, बाईंना ऐकू जात नसावं असं वाटून, त्याने आकडा सांगितला. मग पुन्हा सांगितला. मग तिसऱ्यांदा असा सांगितला की धान्याच्या कोठारावरची कबुतरं उडाली.

"दोनशे साठ! गायी! दोन-शे-साठ!"

आवारात मिठाचा ठोकळा ज्याच्या खांद्यावर होता त्याच्या खांद्यावरच राहिला. एखाद्याने भर चर्चमध्ये पँट सोडावी तशी सगळ्यांनी नजर खाली वळवली. त्या मंडळींत शाळेत गणितात गटांगळ्या खाल्लेले बरेच होते, पण ही वजाबाकी सगळ्यांना एकदमच जमली. साठ. आणि साठ कुठल्या, हेही जमलं.

ड्वाइटला ते दुपारच्या जेवणाआधी कळलं.

तो बोलायला आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लचा वळू, जो अधूनमधून कुंपण ओलांडून ड्वाइटच्या गायींची विचारपूस करायला जाई, तो आपणहून घरी परतला. त्याच्या मागल्या भागात बंदुकीचे छर्रे होते. इतक्या जवळून मारलेले की कातडीची चाळण झाली होती. तो दाराशी उभ्या ट्रेलरला धडकला, त्याचा पत्रा फाडला, मग मर्लचा म्हातारा कुत्रा भुंकत पुढे आला तर त्याच्यावर गुडघे टेकून बसला, आणि उठला तेव्हा कुत्र्याचं पोतं झालं होतं. मर्लने वळूला लोखंडी कचाट्यात अडकवलं आणि दुपारपर्यंत चिमट्याने छर्रे उपसले. प्रत्येक छऱ्याला वळू लाथ झाडी. मग त्याने कुत्रा पुरला, हातोडा घेतला आणि कुंपणाकडे गेला.

ड्वाइट तिथे होताच. तो त्याच्या अर्ध्या भागात नवी तार ताणत होता. एप्रिलमध्ये ताणायला हवी होती ती.

"माझ्या गायी तुझ्या काय रे?" ड्वाइट म्हणाला.

"चार दिवसांच्या."

"मग त्या चार दिवसांत मेल्या त्याही तुझ्याच. त्यांचे पैसे टाक."

"त्या तुझ्या कुंपणाने मेल्या. खांब अजून तुझ्या बापाने रोवलेलेच आहेत. तू नुसता त्यांना टेकून मुततोस."

ड्वाइटने हातातली तार ओढायची पकड मर्लच्या भुवईवर हाणली. मर्लने हातोडा उगारला, पण ड्वाइटने मनगट धरलं, म्हणून त्याने डाव्या हाताने ड्वाइटची कॉलर धरून त्याला तारेवर खेचलं. काटे छातीत घुसले. पुढची काही मिनिटं ते दोघं साठीचे, नातवंडं असलेले गृहस्थ एकमेकांना तारेवर घासत होते. न विचारता दुसऱ्याच्या जमिनीत पाय टाकणं वाईट दिसतं, म्हणून दोघांपैकी एकानेही कुंपण ओलांडलं नाही. ड्वाइटने मर्लचा कान चावला, तोच, ऐकू न येणारा. मर्लने ड्वाइटच्या तोंडावर डोकं आपटलं तेव्हा नाक मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. शेवटी ड्वाइटची बाही आणि तिच्या आतलं थोडं मांस काट्याला अडकून राहिलं आणि दोघं आपापल्या बाजूला मागे पडले.

दोघं धापा टाकत होते.

"शनिवारी डागणी आहे," ड्वाइट नाकातलं रक्त शिंकरून म्हणाला.

"किती वाजता?"

"सहाला."

"येतो."

डागणीला जायचं नाही असा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्याच्या डागणीला न जाणं म्हणजे संबंध तोडणं, आणि चार मैलांच्या आत दुसरा शेजारी मिळत नाही. घरी परतताना एका डोळ्यात रक्त उतरत होतं तरी मर्लच्या मनात ड्वाइटचं नाक नव्हतं, वळू नव्हता, सरकारही नव्हतं. ड्वाइट शनिवारी पहिलं नाव माझं घेईल की नाही, एवढंच होतं. घेईल, असं त्याने ठरवलं. भांडण भांडणाच्या जागी. त्याने नवा दोर काढला, त्याला मेण लावलं, आणि उरलेला आठवडा अंगणातल्या पिंपावर फासे टाकत काढला. अर्डिसने खिडकीतून ते पाहिलं आणि काही बोलली नाही. ते वाईट लक्षण होतं.

शनिवारी सकाळी ड्वाइटच्या वाडग्यापाशी तिसेक माणसं जमली. घोळक्याने जमू नये असा नियम होता, म्हणून ड्वाइटने सगळ्यांना तोंडाला रुमाल बांधायला लावले. त्यामुळे एखादी दरोडेखोरांची टोळी सरकारी परवाना काढून आल्यासारखं दिसत होतं. मर्लने आपला घोडा खोगीर चढवूनच आणला होता. ड्वाइट पिकअपच्या फळीवर उभा राहिला. त्याचं नाक जांभळं होतं.

त्याने पहिलं नाव घेतलं. ते मर्लचं नव्हतं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. चौथं नाव ओमाहा शहरातून आलेल्या एका दंतवैद्याचं होतं. त्याने तीन वर्षांपूर्वी तिथे जमीन घेतली होती आणि दोर टाकायला तो शनिवार-रविवारच्या शिकवणीत शिकला होता.

मर्ल घोड्याचा लगाम धरून उभा होता. ड्वाइट खाली उतरला, त्याच्याकडे आला आणि एक रिकामी बादली त्याच्या हातात दिली. खच्ची केलेल्या वासरांचे गोळे त्या बादलीत टाकतात. दुपारी ते तळून खातात. बादली धरायचं काम ज्याला दुसरं काहीच जमत नाही त्याला देतात.

"धर," ड्वाइट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मोजण्यात काय, तुझा हात कुणी धरणार नाही."

मागे कुणीतरी रुमालाआड हसलं.

मर्लने बादली धरली. धरून उभा राहिला. दंतवैद्याचे फासे वासराच्या मानेवर पडत होते, कानावर पडत होते, एकदा तर कुंपणाच्या खांबावर पडला. फरफटत येणारी वासरं बोंबलत होती, बाहेर त्यांच्या आया हंबरत होत्या, कातडी जळाल्याचा पिवळा धूर रुमालातून आत शिरत होता. केसलर बंधू, प्रत्येकी शंभर किलोचे, वासरू आलं की दोन बाजूंनी त्याच्यावर पडत. एक पुढचा पाय मुरगळून धरी, दुसरा मागच्या पायांत पाय अडकवून बसे. म्हातारा आयव्हन स्लामा जाळातून लोखंड उचलून उजव्या मांडीवर टेकवी. आयव्हनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशन महामारीमुळे पुढे ढकललं होतं. पण लोखंड त्याच्या हाताला ठाऊक होतं. चाकूवाला मग आपलं काम करी आणि गरम, ओले गोळे मर्लच्या बादलीत पडत. मर्लचे हात कोपरापर्यंत लाल झाले. त्याने ते मोजले नाहीत.

मधल्या चहाकॉफीला घोडेस्वार उतरले. जमिनीवरची माणसं मात्र जागीच थांबली, कारण वाडग्यात थोडी वासरं राहिली होती आणि ड्वाइट ती पुढे काढायला पायी आत शिरला होता. मर्लने बादली खाली ठेवली. घोड्यापाशी गेला आणि चढला. काहींना वाटलं, निघाला घरी, पण तो वाडग्यात शिरला.

त्याने दोर डोक्यावरून दोनदा फिरवला. ड्वाइट पाठमोरा चालत होता. फासा जमिनीलगत गेला, पडता पडता उभा राहिला आणि ड्वाइटची दोन्ही पावलं त्यात आपणहून पडली. दोन्ही पाय एका फाशात आणणं वासराच्या बाबतीतही कठीण असतं. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्यावर तर तिथे आधी कुणी प्रयत्नच केला नव्हता. मर्लने दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळला. तो गुंडाळताना अंगठा वर ठेवायचा असतो, नाहीतर तो दोर आणि खुंट यांच्यात सापडतो. हे तो आयुष्यभर नवशिक्यांना ओरडून सांगत आला होता. ड्वाइट तोंडावर आपटला, दोर ताणला गेला आणि शर्टाचं बटण तुटावं तसा आवाज झाला. मर्लने पाहिलं तर अंगठा त्याच्या हाताला नव्हता.

घोड्याला यातलं काही सांगायची सोय नव्हती. दोर ताणला गेला की जाळाकडे चालायचं, एवढं त्याला माहीत होतं, आणि तो चालला. ड्वाइट शेणातून, धुळीतून पोटावर फरफटत, आई-बहिणीवरून बोलत येत होता, पण तोंडावर रुमाल होता आणि गायींचा गोंगाट होता. जाळापाशी आल्याबरोबर केसलर बंधू त्याच्यावर पडले. सकाळपासून ते जे आलं त्याच्यावर पडत होते. एकाने हात मुरगळला, दुसऱ्याने पाय अडकवले. वासरू जरा मोठं वाटलं, असं धाकटा केसलर नंतर शेरीफला म्हणाला.

आयव्हन स्लामाने लोखंड उचललं, दोन पावलं पुढे आला आणि उजव्या मांडीवर टेकवलं. पँट पेटली, मग कातडी. नीट उठावा म्हणून त्याने सवयीप्रमाणे तीनपर्यंत मोजलं. ड्वाइटची किंकाळी ऐकून बाहेरच्या गायी एकदम गप्प झाल्या. त्या राज्याच्या कायद्यानुसार ज्या जनावरावर आडवी रेघ आणि तिच्याखाली पी असा डाग असेल ते ड्वाइट प्रेंटिसचं. म्हणजे त्या क्षणापासून ड्वाइट प्रेंटिस हा निर्विवादपणे ड्वाइट प्रेंटिसच्या मालकीचा झाला. चाकूवालाही पुढे आला होता. सुदैवाने त्याची नजर चांगली होती.

ड्वाइट पायांतला फासा झटकून केसलरांखालून निसटला तो सरळ आयव्हनच्या हातातलं लोखंड हिसकावून. त्याने ते मर्लच्या गुडघ्यावर हाणलं, मग घोड्याच्या खांद्यावर. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि मर्ल पाठीवर पडला. ड्वाइट त्याच्या छातीवर बसला आणि तापलेलं टोक त्याच्या तोंडाकडे नेऊ लागला. मर्लने ते उरलेल्या चार बोटांनी धरलं. चारही बोटांची कातडी लोखंडाला चिकटली, पण त्याने सोडलं नाही. दोघांपैकी कुणीच सोडत नव्हतं आणि तीस माणसं सहा-सहा फुटांवर उभी राहून पाहत होती. मग अर्डिस घेवड्याचं भलंमोठं पातेलं घेऊन स्वयंपाकाच्या तंबूतून आली आणि तिने ते उकळत्या घेवड्यासकट भावाच्या पाठीत घातलं.

"पिकअपमध्ये बसा," ती म्हणाली. "दोघं."

अंगठा दंतवैद्याला सापडला. बर्फाची पेटी बियरने भरलेली होती आणि ती रिकामी करायला कुणी तयार होईना, म्हणून त्याने त्यातला मूठभर बर्फ बादलीत टाकला आणि अंगठा त्यावर ठेवला. बादलीत आधीचा ऐवज होताच.

इस्पितळ सत्तर मैलांवर. ड्वाइट मागच्या बाकावर पालथा पडला होता, मर्ल पुढे बसून बादली सांभाळत होता. अर्डिसने दोघांना बजावलं होतं, की तोंड उघडलंत तर गाडी इथेच थांबवीन. चाळीसेक मैल कुणी उघडलं नाही. गाडीत जळलेल्या मांसाचा आणि घेवड्याचा वास होता.

"दोन्ही पाय धरलेस," शेवटी ड्वाइट बाकात तोंड खुपसूनच म्हणाला.

"हो."

"धावत असतो तरी धरले असतेस का?"

मर्लने विचार केला. "एक तरी धरला असता."

अर्डिसने गाडी थांबवली नाही. आणखी काही मैल गेले.

"तो दातवाला," ड्वाइट म्हणाला, "भिकार टाकतो."

"भिकारच."

"पुढच्या वर्षी पहिलं नाव तुझं."

मर्लने बादलीत पाहिलं. बर्फ वितळून सगळं एकत्र झालं होतं आणि त्यातलं कुठलं आपलं ते त्याला चटकन ओळखता आलं नाही. अंगठा नसलेला माणूस खुंटाला दोर गुंडाळू शकत नाही. हे त्याला माहीत होतं, ड्वाइटलाही माहीत होतं. "बरं," तो म्हणाला.

इस्पितळाच्या दारात अवकाशयात्रीसारखी कपड्यांत गुंडाळलेली नर्स उभी होती. तिने दोघांचं तापमान घेतलं आणि विचारलं, गेल्या दोन आठवड्यांत कुणाच्या सहा फुटांच्या आत आला होतात का. दोघांनी एकमेकांकडे बोट केलं. डॉक्टरने बादलीतून अंगठा निवडून काढला, उजेडात धरून पाहिला, फार चेंगरलाय, बसणार नाही म्हणाला, आणि बाकीचं परत हवं आहे का म्हणून विचारलं. शेरीफने तीस जणांचे जबाब घेतले. तिसांच्याही डोळ्यांत त्या वेळी धूर गेला होता. कामावर असताना अपघात, अशी नोंद झाली.

ऑगस्टमध्ये ऑस्टगार्डांच्या घरचा फोन वाजला. अर्डिसने उचलला, ऐकलं आणि मर्लच्या उजव्या कानाला लावला. श्रीमती नोव्होटनी बोलत होत्या. मोबाइलवर बऱ्याचदा प्रयत्न केला पण लागत नाही, मदतीच्या अर्जाची मुदत संपत आलीय, असं त्या म्हणाल्या. मे महिन्यात त्याने नाव सांगितल्याबरोबर फोन कटला होता, तेव्हा जनावरांचा आकडा तेवढा राहिला आहे.